शेंगा भाजल्या की खोकतो : साडेचार वर्षांच्या एका मुलाची अ‍ॅलर्जी-चाचणी

रिपोर्ट आठ पानांचा होता, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावलेला. सातबारा ठेवावा तसा वडिलांनी तो टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, यात सगळं आलंय. आता फक्त अ‍ॅलर्जीची लस तेवढी चालू करा."

मुलगा चार वर्षं सात महिन्यांचा. वाळवा तालुक्यातल्या एका गावातून आई, वडील आणि आजी त्याला घेऊन सांगलीला माझ्याकडे आले होते. ऑगस्टचा दुसरा आठवडा, बाहेर झड लागलेली. वडील हंगामात कारखान्याला ऊस ओढणारा ट्रॅक्टर चालवतात, एरवी घरची दीड एकर बघतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम मात्र घडला तसाच आहे.

जानेवारीत साडेसात हजार रुपये भरून त्यांनी रक्ताची 'फुल अ‍ॅलर्जी पॅनेल' केली होती. शंभरावर पदार्थ, प्रत्येकासमोर आकडा आणि रंग. त्यातले लाल-पिवळे बघून घरच्यांनी केळं, दूध, दही, टोमॅटो, वांगं, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे बंद केले. आमच्या भागात शेंगदाण्याच्या कुटाशिवाय स्वयंपाक म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. आई सात महिने त्याच्यापुरती वेगळी भाजी करत होती. वजन १३.८ किलो. जानेवारीच्या एका कागदावर ते १४.१ होतं. या वयाचं पोर सात महिन्यांत किलोभर तरी वाढतं. हा उलट उतरला होता.

आणि खोकला होता तिथेच होता.

त्या आठ पानांतलं शेवटचं पान कुणी उलटलंच नव्हतं. तिथे घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे, म्हणजे माइट्स, सगळ्यात गडद लाल रंगात होते. यात घरच्यांचा दोष नाही. धूळ बंद करता येत नाही, केळं बंद करता येतं. माणूस जे हातात आहे ते करतो.

रक्तातली आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीशी निगडित प्रतिपिंड, काय सांगते? शरीरानं त्या पदार्थाची नोंद घेतली आहे, एवढंच. नोंद घेतली म्हणजे खाल्ल्यावर त्रास होईलच, असं नाही. ज्या पदार्थानं कधीच त्रास दिलेला नाही, त्याची चाचणी पॉझिटिव्ह आली तर ती निम्म्याहून अधिक वेळा फसवी असते. उलट चाचणी निगेटिव्ह आली तर त्या पदार्थाची ताबडतोब येणारी अ‍ॅलर्जी नाही, असं बऱ्याच खात्रीनं म्हणता येतं. म्हणजे ही चाचणी 'नाही' चांगलं सांगते, 'हो' कच्चं सांगते. आणि आपण नेमकं तिचं 'हो' फ्रेम करून ठेवतो. एकूण आयजीई ६४० होती, त्यालाही वडिलांनी पेनानं गोल केला होता. ती एक्झिमात, म्हणजे कातडीच्या खाजऱ्या आजारात, वाढते, पोटात जंत असले तरी वाढते. त्या आकड्यावरून मी कधीच काही ठरवत नाही.

फोल्डर मिटून बाजूला ठेवला आणि विचारलं, "शेंगदाणे खाल्ल्यावर काय होतं?"

आईनं आजीकडे पाहिलं. आजी म्हणाली, "खाल्ल्यावर न्हाई वो. भाजल्यावर. शेंगा भाजल्या की ठसका लागतोय त्येला. रातभर खोकतोय मग."

"आणि खाल्ल्यावर? ओठ सुजणं, अंगावर पित्त उठणं, उलटी?"

"तसलं काय न्हाई. दोन वर्साचा असल्यापास्नं चटणी-भाकरी खातोय."

तो भाजण्याचा मुद्दा मी कागदावर लिहिला आणि पुढे गेले. पुढे जायला नको होतं, हे महिन्याभरानं कळलं.

शेंगदाण्याबद्दल मी अजून एक प्रश्न विचारते, त्याचा अ‍ॅलर्जीशी संबंध नाही: खाताना कधी अचानक ठसका लागून जीव घाबरा झाला होता का, आणि खोकला त्या दिवसापासूनच आहे का? आपल्याकडे लहान मुलांच्या श्वासनळीत अडकणाऱ्या वस्तूंमध्ये शेंगदाणा पहिल्या नंबरावर असतो. अडकलेला दाणा महिनोन् महिने 'अ‍ॅलर्जिक खोकला' म्हणून फिरतो. अशा मुलाची घरघर बहुतेकदा एकाच बाजूला ऐकू येते. याची दोन्ही बाजूंना सारखी होती आणि एक्स-रे स्वच्छ होता. मागे एका ठिकाणी 'प्रायमरी कॉम्प्लेक्स' म्हणून क्षयाची औषधं सुचवली होती, पण क्षयाची मांटू चाचणी निगेटिव्ह, ताप कधीच नाही, घरात कुणाला क्षय नाही. सुदैवानं ती औषधं त्यांनी सुरू केली नव्हती.

बाकीची हकिकत पाऊण तास चालली. सर्दी झाली की दुसऱ्या दिवशी छाती भरते. पण सर्दी नसतानाही पळून आला की खोकतो, जोरात हसला की खोकतो, आणि पहाटे तीन-चारच्या सुमाराला उठून बसतो. फाइलमधल्या चिठ्ठ्या-चपाट्या मोजल्या: वर्षभरात सहा वेळा 'मशीनची वाफ', तीन वेळा तोंडावाटे स्टेरॉइडचं सिरप, नऊ वेळा अँटिबायोटिक. कोपराच्या आणि गुडघ्याच्या मागच्या घडीत कातडी जाड, खाजवून काळपट झालेली. वडिलांना लहानपणी बाळदमा होता. हे त्यांनी स्वतः नाही, आजीनं सांगितलं.

त्या दिवशीही त्याची छाती वाजत होती. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) आणि मास्क लावून सालब्युटामॉलचे, म्हणजे श्वासनळ्या लगेच मोकळ्या करणाऱ्या औषधाचे, चार पफ दिले, वीस मिनिटं थांबलो, पुन्हा स्टेथोस्कोप लावला. घरघर जवळजवळ गेली होती.

दम्याची 'तपासणी' या वयात बऱ्याच अंशी एवढीच असते. लोक यंत्राची अपेक्षा धरून येतात. स्पायरोमेट्रीत मुलानं पूर्ण श्वास घेऊन जोरात, तुटू न देता फुंकायचं असतं. पाच-सहा वर्षांच्या आधी हे भरवशानं जमत नाही. नुसता श्वास घेत राहिलं तरी मोजणारं ऑसिलोमेट्रीचं यंत्र तीन वर्षांपासून चालतं, पण ते मोठ्या शहरांत मोजक्या ठिकाणी आहे. म्हणून पाच वर्षांखालच्या मुलात तीन गोष्टी जुळवाव्या लागतात: पुन्हा पुन्हा येणारी घरघर, दुसरं कारण नसणं आणि दम्याच्या औषधानं पडणारा स्पष्ट फरक. दम्यासाठी जगभर ज्यांची मार्गदर्शक तत्त्वं वापरतात त्या 'जिना'नंही २०२५ मध्ये लहान मुलांसाठी निदानाची मांडणी साधारण अशीच केली.

प्रत्येक घरघर दमा नसते, हेही खरं. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टूसान शहरात १९८० पासून जन्मलेल्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास झाला, त्यात पहिल्या तीन वर्षांत घरघर झालेल्या निम्म्याहून अधिक मुलांची सहाव्या वर्षापर्यंत थांबलेली होती. पण ज्याला एक्झिमा आहे, आई-वडिलांपैकी एकाला दमा होता, आणि सर्दीशिवायही जो खोकतो, त्याला त्या सुदैवी निम्म्यांत धरणं मला धाडसाचं वाटतं.

"याला दमा आहे," मी म्हणाले.

खोलीत जे झालं ते दर वेळी होतं. आई रडायला लागली, वडील रिपोर्टकडे बघायला लागले. गेली दोन वर्षं त्यांना 'अ‍ॅलर्जिक ब्राँकायटिस', 'कफाची प्रकृती', 'छाती भरते' असे सगळे शब्द मिळाले होते, हा एक सोडून. मुलगी असेल तर हा शब्द आणखीनच गिळला जातो, लग्नाच्या भीतीनं, तिचं वय चार असलं तरी. शब्द टाळला की औषधही टळतं: खोकल्याचं सिरप मिळतं, पंप मिळत नाही.

पंपाबद्दल वडिलांचे दोन प्रश्न होते. सवय लागते का? आणि उंची खुंटते का? पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर मी 'नाही' असं देत नाही, कारण ते खरं नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात मुलांना चार ते सहा वर्षं रोज ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड, म्हणजे पंपातलं स्टेरॉइड, दिलं होतं. मोठेपणी त्यांची उंची इतरांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटरनं कमी भरली. याला मी त्याच्या निम्मा डोस देणार होते, १०० मायक्रोग्रॅम सकाळ-संध्याकाळ. आणि वर्षातून तीनदा तोंडावाटे घेतलेलं स्टेरॉइड अंगात यापेक्षा कितीतरी जास्त जातं. वडिलांनी सेंटिमीटर बोटावर मोजून पाहिला. "एवढंच?" म्हणाले.

आजीचा तिसरा प्रश्न होता: मृगाला हैदराबादला मासा गिळवतात, तिथे न्यावं का? मृग दोन महिन्यांपूर्वीच होऊन गेला होता, त्यामुळे वाद घालायची वेळ आली नाही.

लसीचं काय, असं वडिलांनी निघताना पुन्हा विचारलं. ज्याची अ‍ॅलर्जी आहे त्याच पदार्थाचे वाढते डोस वर्षानुवर्षं द्यायचे, अशी ती इम्युनोथेरपी. ती साधारण पाच वर्षांच्या पुढे विचारात घेतात आणि दमा आटोक्यात असल्याशिवाय सुरू करत नाहीत. आधी दमा, मग त्वचेवरची चाचणी, मग लसीचं बघू, असं ठरलं. आईला म्हटलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करा: रात्री खोकला की फुली, नाही तर काही नाही. दूध, दही, केळं, डाळ आणि भाज्या आजपासून सुरू, कारण या पदार्थांनी खाल्ल्यावर त्रास झाल्याची एकही आठवण घरात कुणाला नव्हती. शेंगदाणे मात्र अजून नाही. त्याचं कारण पुढे येईल.

पहिली चाचणी ऑगस्टअखेर ठेवली आणि ती वाया गेली. चूक माझी.

त्वचेवरच्या चाचणीत अर्काचे थेंब ठेवून त्यातून लॅन्सेटनं हलकेच टोचतात. सुई आत जात नाही, रक्त येत नाही. अ‍ॅलर्जी असेल तर पंधरा-वीस मिनिटांत डास चावल्यासारखी गांधी उठते. दोन थेंब तुलनेसाठी असतात: सलाईन, जिथे काहीच उठू नये, आणि हिस्टामिन, जिथे उठायलाच हवं. अँटिहिस्टामिन औषध अंगात असेल तर हिस्टामिनही उठत नाही, म्हणून ती पाच ते सात दिवस आधी बंद करावी लागतात. पंप बंद करायचा नसतो. नुसतं मॉन्टेलुकास्टही चालतं, पण आपल्याकडे ते बहुधा लिव्होसेटिरिझिन या अँटिहिस्टामिनसोबत एकाच सिरपमध्ये येतं, आणि घरच्यांना ते 'मॉन्टेचं सिरप' म्हणून माहीत असतं.

मी विचारलं होतं, "अ‍ॅलर्जीचं औषध बंद केलंय ना?" त्यांनी खरंच केलं होतं. दोन दिवसांपूर्वी नाक वाहू लागलं म्हणून गावातल्या मेडिकलमधून सर्दीचं सिरप आणलं होतं, ते त्यांच्या लेखी अ‍ॅलर्जीचं नव्हतंच. त्यात क्लोरफेनिरामिन होतं, तेही अँटिहिस्टामिनच. वीस मिनिटांनी पाहिलं तर पाठ कोरी. हिस्टामिनच्या जागीही काही नाही. तो एक थेंब नसता तर मी त्या दिवशी 'कशाचीच अ‍ॅलर्जी नाही' असा कागद दिला असता आणि घरचे तो पुढची दहा वर्षं त्याच फोल्डरमध्ये सांभाळत बसले असते.

एसटीचं भाडं, वडिलांचा बुडालेला दिवस, पोराची पाठ. मी फी घेतली नाही, पण त्यानं दिवस परत येत नाही. तेव्हापासून माझ्याकडच्या सूचनांच्या कागदावर 'अ‍ॅलर्जीचं औषध' हा शब्दच नाही. तिथे लिहिलंय: चाचणीआधी सात दिवस सर्दी, खोकला, खाज किंवा झोपेसाठी कुठलंही सिरप देऊ नका, दिलं असेल तर येण्याआधी फोन करा, आणि घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणा. पिशवी सगळ्यात उपयोगी. लोक औषधाचं नाव विसरतात, पिशवी विसरत नाहीत.

दुसरी चाचणी सप्टेंबरच्या मध्यावर झाली. हाताच्या घडीत एक्झिमाचं मलम लावत होते, म्हणून पुन्हा पाठच. आईच्या मांडीवर तिच्याकडे तोंड करून बसवलं, पाठीवर पेनानं आकडे काढले. गुदगुल्या होत होत्या म्हणून तो हसला आणि हसल्यावर खोकला नाही, हे माझ्या आधी त्याच्या आईच्या लक्षात आलं. टोचणं अर्ध्या मिनिटात संपलं. खरी परीक्षा त्यानंतरची: आठव्या-दहाव्या मिनिटाला पाठ खाजायला लागते आणि खाजवू द्यायचं नसतं. आईनं पाठीवर फुंकर घातली. वडिलांनी त्याला खिडकीतून जाणाऱ्या गाड्या मोजायला लावलं.

त्या पंधरा मिनिटांत मी कॅलेंडरचं पान बघत बसले. पंप सुरू झाल्यापासून फुल्या कमी झाल्या होत्या, हे दिसत होतंच. पण उरलेल्या फुल्या विखुरलेल्या नव्हत्या. त्या उभ्या रांगेत होत्या. शनिवार, शनिवार, शनिवार, एखादा रविवार.

"शनिवारी काय असतं घरात?"

आईनं उत्तर दिलं नाही. मान खाली घालून फुंकर घालत राहिली. वडील म्हणाले, "काही नाही, शुक्रवारचा बाजार असतो. शनिवारी शेंगा भाजतात आठवड्याच्या."

"चुलीवर?"

"हो. गॅस आहे, पण तो चहापुरता. सिलिंडर परवडत नाही सारखा."

"शेंगा भाजून झाल्यावर?"

आता सुनेनं सासूकडे बघितलं, आणि मला कळलं की हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि ती ते बोलू शकत नव्हती. आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मिसरी भाजती म्या. तवा तापल्यालाच असतोय."

ज्यांनी तंबाखू भाजताना पाहिली नाही त्यांना सांगते: तव्यावर पान काळं होईपर्यंत भाजायचं, मग कुस्करून त्याची पूड दाताला लावायची. तो धूर घरभर पसरतो, धडधाकट माणसाच्या डोळ्यांतून पाणी काढतो. बाजारातून शुक्रवारी तंबाखू यायची, शनिवारी शेंगा भाजून झाल्या की त्याच तव्यावर मिसरी. पोराची खाट स्वयंपाकघराच्या दारात. 'शेंगा भाजल्या की खोकतो' हे निरीक्षण अगदी बरोबर होतं. मग कुणीतरी रक्त तपासलं, शेंगदाण्यासमोर पिवळा रंग आला आणि शेंगदाणा दोषी ठरला.

मी पहिल्या दिवशीच 'भाजताना' हा शब्द लिहून घेतला होता. 'काय भाजताना, कशावर, अजून काय' हे विचारलं नव्हतं. तंबाखूबद्दल विचारलं होतं, तेही 'घरात कोणी सिगारेट-विडी ओढतं का' असं. नाही म्हणाले, ते खरंच होतं.

पाठ वाचायची वेळ झाली. सलाईन शून्य, हिस्टामिन ५ मिलिमीटर, म्हणजे चाचणी ग्राह्य. सलाईनपेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त गांधी उठली तर पॉझिटिव्ह धरतात. धुळीतल्या माइट्सच्या तीन जातींना ८, ६ आणि ५. झुरळ ३. बुरशी शून्य. दूध शून्य, अंडं शून्य. गाजर गवत शून्य. यावर वडिलांचा विश्वास बसेना, कारण त्यांच्या बांधावर ते कमरेएवढं माजलंय आणि त्यांना स्वतःला त्याची खाज येते. गाजर गवताची भारतातली पहिली नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यातली, तिथून ते देशभर पसरलं. त्याच्या परागांचा त्रास खरा आहे. पण परागांची अ‍ॅलर्जी सहसा उशिरा जागी होते. साडेचार वर्षांच्या मुलात घरातली धूळ पुढे असते, शेत मागे.

शेंगदाणा ३ मिलिमीटर. काठावर.

ज्या मुलानं दोन-अडीच वर्षं चटणी खाल्ली, त्याची शेंगदाण्याची चाचणी मी का केली? सात महिन्यांच्या बंदीमुळे. एक्झिमा असलेलं मूल एखादा पदार्थ नियमित खात असतं तोवर शरीर तो निमूट सोसतं. तोच पदार्थ महिनोन् महिने थांबवला की ती सवय कधीकधी मोडते, आणि परत दिल्यावर खरीखुरी रिअ‍ॅक्शन येऊ शकते. म्हणजे नसलेली अ‍ॅलर्जी टाळता टाळता ती ओढवून घेण्याची सोय. पाठ कोरी आली असती तर 'घरीच द्या' म्हटलं असतं. काठावर आली, म्हणून आमच्यासमोर खायला घालून बघायचं ठरलं.

घटस्थापनेच्या आधीच्या आठवड्यात तो सकाळी उपाशीपोटी आला. छाती स्वच्छ, फुल्या नाहीत. वजनाप्रमाणे ०.१४ मिलिलिटर अ‍ॅड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये ठेवलं. परदेशात मिळतात तशी आपोआप टोचणारी पेनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत. कूट आजीनं घरूनच आणलं होतं. "तुमच्याकडचं कुठलं असंल काय म्हाईत," म्हणाली. पहिला डोस चिमटीत मावेल इतका, दह्यात कालवून. वीस-पंचवीस मिनिटं थांबायचं, कातडी, ओठ, छाती बघायची, मग पुढचा, आधीच्यापेक्षा मोठा. तिसऱ्या डोसनंतर हनुवटीवर एक लाल चट्टा उठला आणि खोलीतली सगळी माणसं एकदम गप्प झाली. दही पुसलं, दहा मिनिटांत चट्टा गेला, दुसरं काही आलं नाही. पुढे गेलो. दुपारी एकपर्यंत दोन टेबलचमचे कूट पोटात गेलं होतं. त्यानंतर दोन तास थांबवलं. साडेतीनला तो कंटाळून झोपला.

आठवड्यातून निदान तीन वेळा कूट पोटात गेलं पाहिजे, असं लिहून दिलं. अख्खे दाणे मात्र अजून वर्षभर नाहीत, ते श्वासनळीच्या भीतीनं.

माइट्सचं काय केलं? हा किडा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतो, पाणी हवेतल्या दमटपणातून घेतो. पोरगं आजीजवळ झोपायचं, जुन्या लुगड्यांच्या वाकळेत. त्या वाकळा वर्षातून एकदा, नवरात्राआधी, नदीवर धुतल्या जायच्या, आणि दर वर्षी नेमक्या त्याच आठवड्यात त्याला मशीनची वाफ लागायची, कारण वर्षाची धूळ त्याच्यासमोर झटकली जायची. यंदा तो त्या दोन दिवसांसाठी मामाकडे गेला. त्याच्यासाठी एक पातळ गोधडी वेगळी काढली, ती दर आठवड्याला गरम पाण्यात धुवायची. गादीला ऊन दाखवा, हे तर आपल्याकडे सांगायलाच नको. उन्हानं किडे मरतात, पण त्रास देणारी त्यांची विष्ठा तशीच राहते, म्हणून ऊन आणि धुणं दोन्ही हवं. महागडी गादीची खोळ मी सुचवली नाही. खरं सांगायचं तर गोधडीनं किती फरक पडला ते मला सांगता येणार नाही. माझ्या मते बरंचसं काम बुडेसोनाइडनं केलं आणि उरलेलं मिसरीच्या तव्यानं, तो परसातल्या पेरूखाली गेल्यामुळे. शेंगाही आता तिथेच भाजतात. मिसरी सोडा, असं आजीला दर खेपेला सांगते. तोंडाच्या कॅन्सरचं सांगते. ती हसते. तिचे उरलेले दात काळे आहेत.

नोव्हेंबरमध्ये फड तुटला, शेजारच्यानं पाचट पेटवलं आणि संध्याकाळी छाती भरली. घरी काय करायचं ते कागदावर लिहून दिलेलं होतं: सालब्युटामॉल स्पेसरमधून, वीस मिनिटांच्या अंतरानं तीनदा, आणि तरी श्वास ओढत असला तर तडक दवाखाना. आई माहेरी होती. पंपाला सगळ्यात जास्त विरोध करणाऱ्या वडिलांनी ट्रॅक्टर बांधावर सोडला आणि स्वतः मास्क धरला. दुसऱ्या खेपेनंतर छाती मोकळी झाली. रात्री त्यांनी मला स्पेसरचा फोटो पाठवला: आतून पांढरट झालाय, कापडानं पुसू का? पुसू नका, साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्या, पुसल्यानं आत वीज साठते आणि औषध भिंतीला चिकटतं, असं कळवलं.

मार्चमध्ये वजन १५.६ किलो. पाच महिन्यांत दोनच फुल्या. तोंडावाटे स्टेरॉइड एकदाही नाही, अँटिबायोटिकही नाही. वडिलांनी लसीचं पुन्हा विचारलं, कारण आता मुलगा पाच वर्षांचा झाला होता. दमा एवढ्या थोड्या औषधावर आटोक्यात असताना तीन वर्षांची लस मला आत्ता गरजेची वाटत नाही, असं सांगितलं. पंपाचा डोस पावसाळा गेल्यावर कमी करून बघायचा.

निघताना त्याला स्पायरोमीटरची नळी दिली, नुसती ओळख म्हणून. पडद्यावर वाढदिवसाच्या मेणबत्त्या येतात, फुंकून विझवायच्या. त्यानं गाल फुगवले, नळीच्या बाहेरूनच फुंकलं आणि मेणबत्त्या का विझत नाहीत म्हणून माझ्याकडे रागानं पाहिलं. आजी म्हणाली, "लेका, नळीतनं फुंक की." त्यानं नळी तिच्याच हातात दिली.

पुढची तारीख दिवाळीनंतरची दिली आहे.